खंदकात थांबलेला कॅमेरा

जमिनीखाली कुणीतरी खणतंय. फ्रेंच सैनिकांची एक तुकडी भुयारी निवाऱ्यात पडून आहे आणि त्यांच्याही खालून कुदळीचे घाव ऐकू येताहेत. जर्मन सुरुंग खोदताहेत, हे तिथल्या प्रत्येकाला कळलेलं आहे. घाव ऐकू येताहेत तोवर भीती नाही, कारण खोदकाम चालू आहे. ते थांबले की समजायचं, आता दारू भरली जातेय. वरून हुकूम असा की जागा सोडायची नाही, बदली तुकडी येईपर्यंत तिथेच राहायचं. मग ते राहतात. बोलतात, गप्प होतात, पुन्हा कान लावतात. अखेर बदली येते. सुटलेली माणसं मागे चालू लागतात आणि थोडं अंतर जातात न जातात तोच पाठीमागे स्फोट होतो. मरायला तिथे दुसरी माणसं होती, एवढाच फरक.

रेमों बेर्नार यांच्या 'ले क्रवा द ब्वा' (लाकडी क्रूस) या १९३२ च्या फ्रेंच चित्रपटातला हा प्रसंग. खंदकातलं युद्ध पडद्यावर कसं आलं, हे सांगायला मला याहून चांगली सुरुवात सापडत नाही. या प्रसंगात शत्रू दिसत नाही, कुणी कुणावर झडप घालत नाही, शौर्य दाखवायला वावच नाही. कोण जगणार आणि कोण मरणार, हे पाळी लावणाऱ्या कागदावर ठरतं. तरीही पाहताना जीव घशाशी येतो.

पुढच्या पानांत ज्या चित्रपटांविषयी वाचायला मिळेल, त्यांतले बहुतेक १९१६ ते १९६४ या काळातले आहेत. त्या सगळ्यांपुढे एकच अडचण होती. युद्धपट म्हणजे हालचाल: घोडदळ, मुसंडी, पाठलाग, काबीज केलेला किल्ला. पश्चिम आघाडीवरचं युद्ध म्हणजे थांबणं. हालचालीच्या कलेने थांबणं दाखवायचं कसं? ज्यांनी या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे शोधलं, त्यांचेच चित्रपट आज नव्वद वर्षांनंतरही अंगावर येतात, असं माझं ठाम मत आहे. प्रेतं किती दाखवली, रक्त किती सांडलं, यावर खंदकाची भीषणता ठरत नाही.

१९१४ च्या शरद ऋतूत ही आघाडी गोठली. बेल्जियमच्या समुद्रकिनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत सुमारे ७०० किलोमीटरची रेषा, आणि पुढची तीनेक वर्षं ती फारशी हललीच नाही. मशीनगन आणि काटेरी तारा यांनी उघड्यावरून चालून जाणं जवळपास अशक्य करून टाकलं होतं, म्हणून माणसं जमिनीत शिरली. खंदक सरळ नसत. गोळा आत पडला तर त्याचा मारा लांबवर जाऊ नये आणि शत्रू आत घुसला तर त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोळ्या झाडता येऊ नयेत, म्हणून ते नागमोडी खणलेले असत. परिणामी आतल्या शिपायाला दिसे ती समोरची मातीची भिंत, दोन-चार सोबती आणि वर आभाळाची पट्टी. दिवसा डोकं वर काढलं तर नेमबाजाची गोळी. त्यामुळे कामं सगळी रात्री: तारा दुरुस्त करणं, रेशन वाहून आणणं, जखमींना मागे नेणं. पाण्यात भिजून पाय सडत. उवा आणि उंदीर कायमचे सोबतीला. आणि बहुसंख्य बळी घेतले ते तोफांनी, म्हणजे कित्येक किलोमीटर दूर असलेल्या, कधीही न दिसणाऱ्या माणसांनी. असं मरण आलं तर प्रतिकार करायचा कुणाचा?

कॅमेऱ्याने हे युद्ध मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे आणलं ते १९१६ मध्ये. जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल या दोन ब्रिटिश छायालेखकांनी चित्रित केलेला 'द बॅटल ऑफ द सोम' हा माहितीपट त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लागला, तेव्हा सोमची लढाई अजून चालू होती. पहिल्या सहा आठवड्यांत ब्रिटनमध्ये त्याची सुमारे २ कोटी तिकिटं खपली असं मानलं जातं. या चित्रपटातलं सगळ्यात गाजलेलं दृश्य, सैनिक खंदकाबाहेर चढतात आणि एक जण घसरून तिथेच पडतो, ते आघाडीच्या मागे सरावाच्या जागी घडवून आणलेलं होतं. १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिश सैन्यातले १९,२४० जण मेले आणि जखमी, बेपत्ता धरून आकडा ५७,४७० वर गेला. तिथे त्या क्षणी, त्या काळचा अवजड, तिकाटण्यावरचा, हाताने फिरवायचा कॅमेरा घेऊन उभं राहणं शक्यच नव्हतं. पण त्याच चित्रपटात खरी दृश्यंही आहेत: पाठीवर जखमी सोबत्याला घेऊन खंदकातून येणारा माणूस, कॅमेऱ्याकडे क्षणभर बघून नजर वळवणारे चेहरे. मला ती घडवलेल्या हल्ल्यापेक्षा शतपटीने बोलकी वाटतात. खंदक चेहऱ्यावरच दिसतो, हे तेव्हाच कळायला हरकत नव्हती.

मूकपटांच्या काळातले दोन-तीन प्रयत्न नोंदवायलाच हवेत. चार्ली चॅप्लिनचा 'शोल्डर आर्म्स' युद्धविरामाच्या काही आठवडे आधी, ऑक्टोबर १९१८ मध्ये आला. पाण्याने भरलेल्या निवाऱ्यात ग्रामोफोनचा कर्णा तोंडाला लावून झोपणारा त्यातला शिपाई बघून लोक पोट धरून हसले, आणि ज्यांनी तसल्या पाण्यात खरंच रात्री काढल्या होत्या तेही हसले. किंग व्हिडॉर यांच्या १९२५ च्या 'द बिग परेड' मध्ये तरुण सैनिक जंगलातून एका ठेक्यात पुढे जातात. दिग्दर्शकाने मेट्रोनोम आणि ढोलाच्या ठोक्यावर नटांना चालवलं होतं, त्यामुळे प्रत्येक पाऊल आणि प्रत्येक कोसळणं त्या ठेक्यात पडतं.

पण मूकपटांतला माझ्या लेखी सर्वांत धाडसी चित्रपट आबेल गान्स यांचा 'जाक्यूझ' (१९१९). त्यात शेवटी मेलेले सैनिक रणांगणावरून उठतात आणि आपल्या मरणाचं मागच्या लोकांनी काय केलं ते पाहायला गावाकडे निघतात. ही प्रेतं म्हणून गान्स यांनी खरेखुरे सैनिक उभे केले. व्हर्दंच्या आघाडीवरून थोड्या दिवसांच्या रजेवर आलेले ते सैनिक चित्रीकरण आटोपून परत गेले आणि त्यांतले बहुतेक मारले गेले, असं गान्स पुढे सांगत राहिले. युद्धात उजवा हात गमावलेला कवी ब्लेझ सांद्रार हाही त्या मृतांच्या मोर्चात आहे. ही दृश्यं पाहताना अभिनय कुठे संपतो ते सांगता येत नाही. मेल्याचं सोंग करणाऱ्या या माणसांना आपण कुठे परत जाणार आहोत हे ठाऊक होतं, आणि ते त्यांच्या चालण्यात दिसतं.

मग आला आवाज. माझ्या मते खंदकाला त्याचा चित्रपट मिळाला तो १९३० मध्ये, बोलपटामुळे. डोळ्यांना काही दिसत नाही अशा जागी माणूस कानांनी जगतो. गोळा आपल्याकडे येतोय की पलीकडे जाणार, हे जुन्या शिपायाला शिळेवरून कळे आणि नव्याला कळत नसे. या फरकावर आयुष्य अवलंबून असे. मूकपटाला हे सांगण्याचा मार्ग नव्हता. एकाच वर्षी, जगाच्या दोन टोकांना, दोन दिग्दर्शकांनी तो शोधला.

बर्लिनमध्ये गे. वि. पाब्स्ट यांनी 'वेस्टफ्रंट १९१८' केला. हा त्यांचा पहिला बोलपट. त्या काळी यंत्राची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून कॅमेरा बंद खोपट्यात डांबत आणि चित्रं जागच्या जागी खिळून जात. पाब्स्ट आणि छायालेखक फ्रिट्झ आर्नो वाग्नर यांनी कॅमेऱ्यालाच आवरण चढवलं आणि तो खंदकातून चालवला. तरीही चित्रपट पळत नाही. हल्ला येतो तेव्हा कॅमेरा पुष्कळदा एका जागी, माणसाच्या उंचीवर, बराच वेळ उभा असतो. समोर तारा, धूर आणि उखणलेली जमीन. लहान आकृत्या येतात, पडतात, दुसऱ्या येतात. जवळून दाखवलेलं शौर्य नाही, संगीत नाही. एका प्रसंगात खंदकावर जर्मनांच्याच तोफांचे गोळे पडू लागतात आणि मागे निरोप पोहोचवण्यासाठी धडपड सुरू होते. निवाऱ्याचं छत खाली येतं तेव्हा आतली माणसं पाठी लावून तुळया धरून ठेवतात. या चित्रपटात कार्लचं काम करणारा गुस्ताव डीस्ल स्वतः त्या युद्धात कैदी होता. शेवट एका पडक्या चर्चमधल्या रुग्णालयात होतो. वेडा झालेला लेफ्टनंट सलाम ठोकत ओरडतो, आणि मेलेल्या कार्लचा हात शेजारचा जखमी फ्रेंच सैनिक हातात घेऊन कुरवाळतो. त्यानंतर पडद्यावर 'समाप्त' असं येतं, पण त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह दोन्ही आहेत. १९३० मध्ये ते प्रश्नचिन्ह लावायला किती दृष्टी लागली असेल, याचा विचार वाचकाने अवश्य करावा.

तिकडे कॅलिफोर्नियात लुइस माइलस्टोन यांनी एरिख मारिया रेमार्क यांच्या कादंबरीवरून 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' केला. माइलस्टोन हे तेव्हाच्या रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेले, युद्धकाळात अमेरिकी सैन्याच्या छायाचित्रण विभागात काम केलेले. त्यांनी जर्मन मुलांची गोष्ट सांगितली आणि लॉस एंजेलिसमध्ये येऊन राहिलेले जुने जर्मन सैनिक हाताशी घेतले. त्यातला हल्ला चित्रपटाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी चौकट-चौकट करून पाहावा. मशीनगनची नळी बाजूला सरकत जाते आणि कॅमेराही त्याच वेगाने धावत येणाऱ्या माणसांच्या रांगेवरून सरकतो. जिथून जातो तिथली माणसं गळून पडतात. कॅमेरा आणि मशीनगन यांची नजर एकच झालेली असते. प्रेक्षक म्हणून आपण त्या नजरेत बसलेलो असतो आणि तिथून उठता येत नाही. मग एक स्फोट होतो, धूर विरतो, आणि तारेला धरलेले फक्त दोन हात उरतात. हल्ला, प्रतिहल्ला, पुन्हा माघार. शेवटी प्रत्येक बाजू होती तिथेच येऊन बसते आणि धापा टाकत पाव खाते.

या हल्ल्याबद्दल माझ्या मनात एक आक्षेपही आहे. तो इतका कौशल्याने बांधला आहे की पाहताना नाडी वेगाने चालते, आणि नाडीचा वेग हा भीतीचा जितका तितकाच उत्साहाचाही असू शकतो. खरा युद्धविरोधी चित्रपट शक्यच नाही, असं एक मत फ्रान्स्वा त्रुफो यांच्या नावाने सांगितलं जातं, त्याचा रोख याच धोक्याकडे आहे. पण माइलस्टोन यांना तो धोका ठाऊक असावा, कारण चित्रपटाचं खरं बळ त्यांनी हल्ल्यात ठेवलेलं नाही. ते आहे त्याआधीच्या निवाऱ्यात: दिवसामागून दिवस तोफा चालू, छतातून माती गळतेय, नवी पोरं कोपऱ्यात आक्रसलेली, एक जण ओरडत बाहेर धावतो. आणि ते आहे गोळ्याने पडलेल्या त्या खड्ड्यात, जिथे नायक पाउलने संगीन खुपसलेला फ्रेंच सैनिक रात्रभर त्याच्या शेजारी मरत राहतो. हा फ्रेंच सैनिक झाला आहे रेमंड ग्रिफिथ, मूकपटांतला नावाजलेला विनोदी नट. घशाच्या विकाराने त्याचा आवाज गेलेला होता, कुजबुजण्यापलीकडे बोलता येत नसे, आणि बोलपट आल्यावर त्याची कारकीर्द संपल्यात जमा होती. त्याला इथे एक शब्दही बोलायचा नाही. पाउल क्षमा मागतो, पाणी पाजतो, चिडतो, पुन्हा क्षमा मागतो, आणि तो फक्त बघत राहतो. पाउलचं काम करणाऱ्या लू एअर्सवर या भूमिकेने केलेला परिणाम आयुष्यभर टिकला. दुसऱ्या महायुद्धात त्याने शस्त्र हाती घ्यायला नकार दिला, त्याबद्दल लोकांचा राग सोसला, आणि पुढे वैद्यकीय पथकात पॅसिफिकच्या आघाडीवर जाऊन काम केलं.

हा चित्रपट डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनला लागला तेव्हा गोबेल्स यांच्या नेतृत्वाखाली नाझींनी चित्रपटगृहात दुर्गंधीचे बॉम्ब फोडले, पांढरे उंदीर सोडले, प्रेक्षकांना धमकावलं. आठवड्याभरात चित्रपटावर बंदी आली. पाब्स्ट यांचा चित्रपट १९३३ मध्ये नाझींनी बंद केला, त्याच वर्षी रेमार्क यांची पुस्तकं जाळली. पुढचं युद्ध ज्यांना हवं होतं त्यांना या चित्रपटांची भीती नेमकी कशाची वाटली? यांत शत्रूची बाजू घेतलेली नाही, की कुठलं गुपित फोडलेलं नाही. वीरमरणाची कल्पना मात्र यांत टिकत नाही, आणि ज्या पिढीला पुन्हा भरती करायचं होतं तिच्या मनात ती टिकणं त्यांना आवश्यक होतं.

बेर्नार यांच्या चित्रपटाविषयी सुरुवातीला लिहिलं, पण त्याची एक बाजू सांगायची राहिली. तो शाम्पाञच्या प्रत्यक्ष रणभूमीवर चित्रित झाला. खंदक पुन्हा खणताना न फुटलेले गोळे आणि माणसांची हाडं वर येत होती. नट युद्धात लढून आलेले होते. त्यामुळे पाठीवरचं ओझं सावरण्याची, चिखलातून पाय ओढण्याची त्यांची पद्धत शिकवलेली नाही. लढाईचा मुख्य भाग लांबत जातो, मध्येच पडद्यावर 'दहा दिवस' अशी अक्षरं येतात, पुन्हा तोच गोंधळ, पुन्हा तीच अक्षरं. आजच्या प्रेक्षकाला हा भाग कंटाळवाणा वाटू शकतो. तो तसा वाटणं बेर्नार यांना हवं होतं असं मी मानतो. हॉलिवूडने यातली लढाईची दृश्यं विकत घेऊन हॉवर्ड हॉक्स यांच्या 'द रोड टू ग्लोरी' (१९३६) मध्ये वापरली; तिथे ती कथेला पळवण्यासाठी कापली गेली आणि त्यांच्यातला थकवा निघून गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर खंदकाकडे पाहणाऱ्यांची नजर मागे वळली, सेनापतींच्या वाड्यांकडे. स्टॅनली कुब्रिक यांचा 'पाथ्स ऑफ ग्लोरी' (१९५७) याच कारणाने वेगळा आहे. त्याचा आधार हम्फ्री कॉब यांची १९३५ ची कादंबरी, आणि तिच्या मुळाशी एक खरी घटना: मार्च १९१५ मध्ये शाम्पाञमधल्या सुएँ गावाजवळ हल्ल्याला बाहेर पडायला नकार दिलेल्या तुकडीतल्या चार कॉर्पोरलना उदाहरण म्हणून गोळ्या घातल्या गेल्या. त्यांतल्या एकाची, तेओफील मोपा याची, शिक्षिका असलेली पत्नी ब्लाँश एकोणीस वर्षं लढली आणि १९३४ मध्ये त्या चौघांवरचा कलंक तिने पुसायला लावला. या बाईवर स्वतंत्र पुस्तक मराठीत यायला हवं.

कुब्रिक यांनी म्युनिकजवळ खंदक बांधले, पण खऱ्यापेक्षा रुंद, कारण त्यातून कॅमेऱ्याची गाडी जायला हवी होती. जनरल मिरो खंदकातून तपासणीला निघतो आणि कॅमेरा त्याच्यापुढे मागे-मागे सरकत जातो. तो शिपायांना तेच ते प्रश्न विचारतो, आणि शेलशॉकने थरथरणाऱ्या एकाला थोबाडीत मारून म्हणतो की असा काही आजारच नसतो. पुढे हल्ल्याच्या सकाळी कर्नल डॅक्स त्याच खंदकातून चालतो. पुन्हा तीच चाल, पण आता दोन्ही बाजूंनी माणसं भिंतींना चिकटून उभी, वरून माती उडतेय, आणि प्रत्येक जण त्याच्याकडे बघतो. रुंदीच्या बाबतीत हा खंदक खोटा आहे. तिथल्या नजरा खोट्या नाहीत. हल्ला काही मिनिटांत फसतो. मग चित्रपट वाड्यात जातो, काळ्या-पांढऱ्या फरशीवर, आणि तिथे तीन जणांवर खटला चालतो. एक चिठ्ठी टाकून निवडलेला, एक नकोसा म्हणून, एक अधिकाऱ्याचं पाप जाणणारा म्हणून. त्यांतल्या, डोकं फुटून बेशुद्ध पडलेल्या आर्नोला स्ट्रेचरवरूनच खांबाशी नेतात आणि गोळ्या घालण्याआधी तो जागा असावा म्हणून त्याच्या गालाला चिमटा काढतात. खंदकातल्या कुठल्याही स्फोटापेक्षा तो चिमटा मला अधिक भयंकर वाटत आला आहे. फ्रान्समध्ये हा चित्रपट १९७५ पर्यंत लागू शकला नाही.

जोसेफ लोझी यांचा 'किंग अँड कंट्री' (१९६४) आणखी एक पाऊल पुढे जातो: त्यात लढाई दाखवलेलीच नाही. पासनडेलचा चिखल, अखंड पाऊस, आणि हॅम्प नावाचा साधा शिपाई. त्याच्या कंपनीत तोच एकटा उरलेला, आणि एक दिवस तो घराच्या दिशेने चालू लागला. टॉम कोर्टनीने केलेल्या या हॅम्पला आपण काय गुन्हा केला हे नीट समजतही नाही. त्याचा बचाव करणारा कॅप्टन (डर्क बोगार्ड) सुरुवातीला त्याला तुच्छ मानतो. वर कोर्ट मार्शल चालू असताना खाली चिखलात शिपाई एका उंदरावर खटला चालवतात. शेवटी गोळ्या झाडणारी तुकडी हॅम्पला धड मारूही शकत नाही, आणि ते काम त्याच्या वकिलालाच पिस्तुलाने पुरं करावं लागतं. असे ३०६ ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातले सैनिक त्या युद्धात गोळ्या घालून मारले गेले होते. त्यांना माफी मिळाली ती २००६ मध्ये.

अलीकडच्या चित्रपटांवर या संग्रहात फारसं लिहिलेलं नाही, आणि तो निर्णय मला पटतो. सॅम मेंडेस यांचा '१९१७' (२०१९) डोळे दिपवणारा आहे, त्यातला चिखल आणि सडलेले घोडे खरेखुरे वाटतात. पण एकसलग धावणाऱ्या कॅमेऱ्याने त्यात नायकाला पुन्हा एक कामगिरी दिली आणि ती पार पडल्यावर शेकडो जीव वाचतात. खंदकाने जी गोष्ट हिरावून घेतली होती, ती त्याला परत मिळाली.

या सगळ्या चित्रपटांत एक मोठी उणीव आहे आणि मराठी वाचकापुढे ती मांडल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होऊ शकत नाही. त्या खंदकांत हिंदी सैनिक होते, पण वर उल्लेखिलेल्या जुन्या कथापटांत ते कुठेच नाहीत. १९१४ च्या शरद ऋतूत लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन मार्सेयला उतरल्या. ऑक्टोबरच्या अखेरीला न्यव शापेल गावात ४७ वी शीख पलटण आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या घराघरांतून लढल्या आणि फार मोठी हानी सोसून मागे आल्या. सॅपर्सचं काम खरं तर पूल बांधणं, खंदक खणणं. मराठा पलटणींच्या वाट्याला मुख्यतः मेसोपोटेमिया आला. सहाव्या पुणे डिव्हिजनसोबत त्या कुत अल अमारात वेढल्या गेल्या. तिथेही खंदक होते, तैग्रिसच्या पुराने भरलेले, आणि उपासमार होती. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि त्यानंतर कैदेतल्या कूचांत कित्येक जण मेले. न्यव शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावं कोरलेली आहेत. सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत अजून दगडी पाट्या आहेत: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत. हिंदी सैनिकांनी घरी पाठवलेली पत्रं सेन्सॉरने उघडून वाचली, त्यांतले उतारे इंग्रजीत भाषांतरित केले, आणि म्हणूनच आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत वाचायला मिळतात. चित्रपट करायला एवढा मजकूर पुरेसा आहे. कुणी तो केला, तर त्याने खर्चाची चिंता करताना एवढं लक्षात घ्यावं की लोझी यांना एक पडका निवारा, पाऊस आणि दहा-बारा माणसं पुरली होती.

शेवटी पाहण्याविषयी. हे लेख चित्रपट पाहूनच वाचावेत आणि चित्रपट शक्य तितक्या चांगल्या प्रतीत पाहावेत. पाब्स्ट आणि बेर्नार यांच्या चित्रपटांच्या दुरुस्त केलेल्या प्रती उपलब्ध आहेत. माइलस्टोन यांच्या चित्रपटाच्या जुन्या काटछाट केलेल्या प्रती फिरत असतात आणि काहींत शेवटी संगीत चिकटवलेलं आहे, त्या टाळाव्यात. मोबाइलच्या लहान स्पीकरवर हे चित्रपट पाहू नयेत. भुयारातले ते कुदळीचे घाव आणि गोळ्यांची शीळ नीट ऐकू आली नाही, तर यांतलं निम्मं काही पोहोचतच नाही. क्रम विचाराल तर मी म्हणेन, 'वेस्टफ्रंट १९१८' आधी आणि 'पाथ्स ऑफ ग्लोरी' नंतर. उलट क्रमाने पाहिल्यास कुब्रिक यांची शैली डोळ्यांत राहते आणि पाब्स्ट यांचा संयम रूक्ष वाटू लागतो.